‘रुद्र चिऊ होणार, तो दार उघडत नाही’ : बालवाडीतलं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या बालवाडीतल्या एका मुलाचं आहे. मुलांची नावं बदलली आहेत. मी १६ वर्षं या वयाच्या मुलांबरोबर काम करते. डब्याच्या वेळी कोण देतं, कोण देत नाही, कोण शेजारच्या डब्यात डोकावतं, हे आमच्याकडे रोजचंच आहे. तरी हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. मुलं एकमेकांबद्दल काय धरून चालतात आणि मोठ्या माणसाच्या एका शब्दानं ते कसं बदलतं, हे या प्रकरणात मला जून ते डिसेंबर सलग बघायला मिळालं. तो शब्द वर्गात पक्का करणाऱ्यांत मीही होते.

गोष्टीच्या वेळी

आमची बालवाडी तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची. मोठ्या गटात १९ मुलं, मी आणि मदतीला मावशी. रुद्र जूनमध्ये आला तेव्हा ४ वर्षं ३ महिन्यांचा होता. घरी आई-बाबा, आजी-आजोबा आणि एप्रिलमध्ये जन्मलेली बहीण. बोलणं स्वच्छ, कात्री हातात नीट बसलेली, रडणं चौथ्या दिवशी थांबलं. एक गोष्ट मात्र लगेच डोळ्यांत भरायची. डबा खाताना तो डाव्या हातानं झाकण उभं धरायचा, भिंत केल्यासारखं, आणि उजव्या हातानं त्या भिंतीआड जेवायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. अंगणात जाता येईना, म्हणून सगळ्यांना जाजमावर बसवून काऊ-चिऊची गोष्ट काढली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दाराशी येतो. मी इथे नेहमी थांबते आणि विचारते, “आता चिऊ काय करेल?”

गोष्ट पाठ असलेली मुलंसुद्धा इथे “उघडेल” म्हणतात. चिऊ म्हणते, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.” पुन्हा विचारलं की पुन्हा उत्तर येतं, “आता उघडेल.” बाळाला अंगडं घालून होतं, टोपडं घालून होतं, तीट लावून होते. चिऊ दार उघडत नाही आणि मुलांचा भरवसा हलत नाही. त्या दिवशी रुद्र पहिल्या ओळीत बसला होता. तो म्हणाला, “काऊ भिजलाय. उघडणारच.” त्याच्या आवाजात उपदेश नव्हता. पाऊस आला की अंगण ओलं होणार, आणि कुणी भिजून दाराशी आलं की दार उघडणार, इतकं ते त्याच्या लेखी सरळ होतं.

मुलांच्या या भरवशावर बराच अभ्यास झालेला आहे. येल विद्यापीठात कायली हॅम्लिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी तान्ह्या बाळांना एक खेळ दाखवला, त्याचा निबंध २००७ साली आला. डोळे चिकटवलेला एक लाकडी ठोकळा टेकडी चढायला धडपडतो. दुसरा त्याला खालून ढकलून मदत करतो, तिसरा वरून खाली लोटतो. मग मदत करणारा आणि लोटणारा असे दोन्ही बाळापुढे धरले, तेव्हा १० महिन्यांच्या १६ पैकी १४ बाळांनी आणि ६ महिन्यांच्या १२ च्या १२ बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. हा प्रयोग जगभर गाजला, मीही पालकसभेत किती वेळा सांगितला असेल. पण अलीकडे ३७ प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तोच विषय पुन्हा तपासला, तेव्हा निवड जवळजवळ निम्मी-निम्मी निघाली. त्यामुळे ‘मूल चांगल्या-वाईटाची पारख घेऊनच जन्माला येतं’ असं मी आता ठासून सांगत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांबद्दल मात्र पायाखालची जमीन घट्ट आहे. एखाद्याला ‘चांगला’ म्हणायला त्यांना थोडासा पुरावा पुरतो, ‘वाईट’ म्हणायला बराच लागतो. जेनेट बोसोव्स्की आणि इतर अभ्यासकांनी हे वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासलं आहे. क्रिस्टी लॉकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांना विचारलं, की आज ज्याच्या अंगी अमुक वाईट गोष्ट आहे तो मोठेपणी कसा असेल. तो मोठा झाला की चांगला होईल, असं मोठ्या माणसांपेक्षा ही मुलं कितीतरी अधिक मानत होती. थोडक्यात, या वयाचं मूल समोरच्याला सहज चांगलं ठरवतं आणि वाईट ठरलेल्यालाही सुधारायला वाव ठेवतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पुढचं घडलं.

दोन लाडू

जुलैचा तिसरा आठवडा, गुरुवार. व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे येऊन फरशी निसरडी झाली होती. आर्वी डबा उघडून आत येता येता घसरली आणि तिचा शिरा फरशीवर सांडला. लागलं नव्हतं, पण ती त्या शिऱ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिचा ओठ थरथरायला लागला. मुलं धावली. कुणी पोळीचा तुकडा दिला, कुणी उपम्याचा घास. एकाला पोहे द्यायचे नव्हते, त्यानं त्यातलं कढीपत्त्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं आणि तिनं ते घेतलंही.

रुद्रच्या डब्यात पोळीचे दोन लाडू होते. आर्वी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मागितलं काही नाही, नुसती बघत राहिली. रुद्रनं झाकण उभं केलं.

मावशी आर्वीचा हात धरून म्हणाल्या, “चल गं बाई, तो चिक्कू आहे. त्याच्याकडं नको मागूस.” आणि पाठोपाठ मी म्हटलं, “रुद्र, असं चिक्कू असू नये रे.” सगळ्यांसमोर म्हटलं. आवाज चढलेला नव्हता, मनात रागही नव्हता. पण मावशींच्या तोंडून सहज सुटलेला शब्द मी उचलला, म्हणजे बालवाडीचा शिक्काच त्याच्यावर बसला. मुलं मावशींचं ऐकतात, ताईंचं मात्र खरं मानतात.

संध्याकाळी नोंदवहीत हे लिहिताना मला अर्न्स्ट फेर यांचा प्रयोग आठवला. स्वित्झर्लंडमधल्या ३ ते ८ वर्षांच्या २२९ मुलांवरचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यातला एक पेच थेट रुद्रच्या डब्यातला होता: दोन गोळ्या मला आणि त्याला काही नाही, की एक मला आणि एक त्याला? ३-४ वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ९ टक्क्यांनी एकेक करून घेतली. ५-६ वर्षांत २२ टक्क्यांनी, ७-८ वर्षांत ४५ टक्क्यांनी. म्हणजे आठव्या वर्षीसुद्धा निम्म्याहून अधिक मुलं दोन्ही गोळ्या ठेवून घेत होती. तिथे समोर प्रत्यक्ष मूल नव्हतं, इथे आर्वी ओठ काढून उभी होती, हा फरक आहेच. तरी सव्वाचार वर्षांच्या मुलानं दोन लाडवांवर झाकण धरलं यात वेगळं काय होतं, हे मला सांगता येईना. आवडीच्या दोनच वस्तूंतली एक देणं हे या वयाला फार जड काम आहे. बाकीच्यांनी दिलं ते पोळी-उपम्यातलं दिलं, हेही मी तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं.

“हो. पण मला दोनच होते”

दुसऱ्या दिवशी ठोकळे आवरताना रुद्र आणि मी दोघंच होतो. मी त्याला जाब विचारायला गेले नव्हते, त्याच्या मनात काय आहे ते मला हवं होतं.

“काल आर्वीला लाडू द्यायला हवा होता का रे?”

“हो.”

“मग?”

“मला दोनच होते.”

“उद्या कुणाचा डबा सांडला तर देशील?”

त्यानं विचार केला. हातातला ठोकळा फिरवत राहिला. “थोडा देईन.” मग थांबून, “नाही देणार. लाडू नाही देणार.”

“आणि तुझाच सांडला तर? आर्वी तुला देईल?”

“हो,” लगेच. गोष्टीच्या वेळी चिऊबद्दल म्हणाला होता त्याच आवाजात.

या चार उत्तरांवर मी पुष्कळ विचार केला आहे. क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी २०१३ साली ३ ते ८ वर्षांच्या मुलांबद्दल जे मांडलं ते इथे जसंच्या तसं दिसत होतं. लहान मुलांना विचारलं की सारखं वाटायला हवं का, तर ती ‘हो’ म्हणतात, स्वतःसाठीही आणि इतरांसाठीही. प्रत्यक्ष वाटायची वेळ आली की स्वतःकडे जास्त ठेवतात. आणि तू काय करशील असं आधी विचारलं तर तसंच सांगतातही, लपवत नाहीत. रुद्रला नियम माहीत होता. त्यामुळे त्याला नियम शिकवून काही होणार नव्हतं, आणि तो खोटंही बोलला नव्हता. दुसरा देईल हा भरवसा, द्यायला हवं हे ज्ञान आणि मी देणार नाही ही कबुली, तिन्ही गोष्टी त्याच्यात एकत्र, भांडण न करता नांदत होत्या. मोठ्या माणसाला यात ढोंग दिसतं. मला यात ढोंग कुठेच दिसत नाही. ढोंग करायला जी लपवाछपवी लागते तीच त्याच्यात नव्हती.

शब्द पसरतो

पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून आधी दिसलं नाही. डब्याच्या वेळी रुद्रकडे कुणी मागेनासं झालं. मग खडूच्या डब्याशी तो बसलेला असला तर मुलं लाल खडू मागायला माझ्याकडे येऊ लागली. “रुद्रकडे आहे ना,” म्हटलं तर उत्तर, “तो नाही देणार.” खरं तर खडू तो कायम द्यायचा. जून महिन्याच्या माझ्या नोंदींत दोनदा लिहिलेलं आहे की त्यानं आपणहून खडू पुढे केला. जाजमावर सरकून जागा देईल का, झोक्यावरून उतरेल का, पायरीवर हात धरेल का, सगळ्याला एकच उत्तर ठरून गेलं. एका लाडवाच्या गोष्टीवरून मुलांनी त्याच्या सगळ्या वागण्याचा हिशोब मांडला होता.

आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी आपणहून काऊ-चिऊ खेळायला घेतलं. दोन खुर्च्यांवर ओढणी टाकून घर. काऊ व्हायला तीन जण तयार. चिऊ कोण होणार?

आर्वी म्हणाली, “रुद्र चिऊ होणार. तो दार उघडत नाही.”

रुद्र खुर्च्यांमागे जाऊन बसला. काऊनं दार वाजवलं, त्यानं ठरलेली उत्तरं दिली. मुलांना खेळ आवडला. मी कपाटाशी उभी होते, माझ्या हातातला खडूंचा डबा तसाच राहिला. याच मुलीनं महिन्याभरापूर्वी चिऊ उघडेल म्हणून चार वेळा हात वर केला होता. चिऊ गोष्टीत किती वेळा ‘थांब’ म्हणते, तरी मुलांनी तिच्यावरचा विश्वास सोडला नव्हता. रुद्रनं एकदा झाकण उभं केलं, तेवढ्यावर तो संपला. फरक कुठे होता? चिऊला आम्ही कुणी नाव ठेवलं नव्हतं.

सुसान गेलमन आणि गेल हेमन यांचा १९९९ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. पाच आणि सात वर्षांच्या मुलांना एका मुलीबद्दल सांगायचं. काहींना सांगायचं, की तिला गाजरं फार आवडतात, मिळतील तेव्हा ती खाते. काहींना सांगायचं, की ती ‘गाजरखाऊ’ आहे. माहिती एकच. पण ज्यांनी नाव ऐकलं त्यांना वाटलं की ती पुढेही तशीच राहील, घरच्यांनी अडवलं तरी राहील. क्रियापद सांगतं की काय झालं. नाम सांगतं की हा कोण आहे. आपल्या भाषेत तर या कामाला नामं आणि विशेषणं पडलेलीच आहेत: चिक्कू, हावरट, अधाशी, आपमतलबी, मारकुटा, रडूबाई, चोंबडी. बारशाला एकदाच नाव ठेवतात, ही नावं मुलाला दिवसातून पाच वेळा ठेवली जातात. मुलं चांगलं गृहीत धरतात, वाईट ठरवायला पुरावा मागतात, असं मी वर लिहिलं. पण मोठ्या माणसानं नाव ठेवलं की पुरावा मागायची त्यांना गरजच उरत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर मी रुद्रला तोच प्रश्न पुन्हा विचारला. तुझा डबा सांडला तर आर्वी देईल का?

“नाही,” तो म्हणाला. “मी चिक्कू आहे ना.”

तो रागावलेला नव्हता, दुखावलेलाही वाटला नाही. माहिती दिल्यासारखं बोलला. आपण कसे आहोत याबरोबर इतर आपल्याशी कसे वागतील हेही त्या एका शब्दानं त्याच्यासाठी ठरवून टाकलं होतं.

घरी

आईला बोलावलं, बरोबर आजीही आल्या. मी आधी माझी चूक सांगितली आणि मग विचारलं, घरी कसं चाललं आहे. आजी म्हणाल्या, “आमच्या घरात कुणी असं नाही हो. आम्ही त्याला सारखं सांगतो, तू मोठा ना, दे बघू.” आई एकेक सांगत गेल्यावर यादी झाली. त्याचा पाळणा बाळाला गेला, त्याची दुलई गेली, आईशेजारची जागा गेली, खुळखुळा आणि कापडी हत्ती गेला. प्रत्येक वेळी ‘तू मोठा ना’. आणि त्यानं दिलंही होतं सगळं, आई म्हणाली, कुरकुर न करता. हे सांगताना ती स्वतःच गप्प झाली.

बाळ आलं म्हणून तो लाडू धरून बसला, असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. घरात बाळ नसलेली मुलंही लाडू धरून बसतात. पण दिवसभर ज्याच्याकडून काढून घेतलं जातं आणि वर त्याला ‘देणं’ म्हटलं जातं, त्याच्यापाशी स्वतःचं म्हणून एक डबा उरला असेल, तर त्याचं झाकण तो उभं धरणार. काढून घेणं आणि देणं यांत फरक आहे, आणि तो चार वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा चांगला कळतो. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर यांनी २०१३ साली ३-४ वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. उदास झालेल्या बाहुल्याला आपलं स्टिकर द्यायचं की स्वतःला ठेवायचं, हे ज्या मुलांना स्वतः ठरवू दिलं, ती पुढे दुसऱ्या बाहुलीशी वाटताना जास्त मोकळ्या हातानं वाटत होती. ज्यांना द्यायला लावलं, ती नाही.

आजींना हे पटलं असं म्हणता येणार नाही. “मग काय लहान भावंडाला द्यायचं नाही का?” असं त्या विचारत होत्या, आणि त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण कापडी हत्ती परत रुद्रच्या उशाशी ठेवायला त्या तयार झाल्या.

काय केलं, काय टाळलं

पहिलं काम मावशींशी बोलणं. त्या म्हणाल्या, “ताई, एवढ्याशा शब्दानं काय होतंय? आम्हांला काय काय म्हणायचे घरात.” मी त्यांना दोन खुर्च्यांचा खेळ आठवून दिला. तो त्यांनीही पाहिला होता. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आर्वीनं म्हटलं खरं.” त्या दिवसानंतर मावशींच्या तोंडून तो शब्द गेला, माझ्यापेक्षा आधी गेला.

एका सहकारी ताईंनी सुचवलं, की रुद्रनं काही दिलं की हातावर चांदणी काढावी. मी नको म्हटलं. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या वाटेनं चालणाऱ्या बालवाड्यांत बक्षीस आणि शिक्षा दोन्हींना जागा नसते, हे आमच्या प्रशिक्षणातच होतं. आणि फेलिक्स वॉर्नेकेन व मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली दाखवलं आहे, की २० महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तू दिली की पुढे ती मदत कमी करतात. आधी ती फुकट, मनापासून करत असतात.

मग चांगलं नाव द्यावं का? ‘रुद्र आमचा मदतनीस’ वगैरे? इथे मी खरंच अडखळले, कारण याच्या बाजूनं पुरावा आहे. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना ‘मदत करणार का’ ऐवजी ‘मदतनीस होणार का’ असं विचारलं तर ती जास्त मदत करतात, असं २०१४ सालच्या एका अभ्यासात आढळलं. पण पुढच्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली: ‘मदतनीस’ म्हटलेल्या मुलाकडून मदत करताना काही सांडलं, बिघडलं, तर ते जास्त खचतं आणि अवघड कामापासून लांब राहतं. चार वर्षांच्या मुलाच्या हातून तर रोजच काहीतरी सांडतं. एक लेबल काढून दुसरं डकवायचं नाही असं ठरवलं.

केलं ते इतकंच. डब्याचा नियम बदलला: डबा ज्याचा त्याचा, द्यायचं की नाही त्याचं त्यानं ठरवायचं. ज्याचा सांडेल त्याच्यासाठी कपाटात चुरमुरे-फुटाण्यांचा डबा ठेवला, म्हणजे उपाशी कुणी राहणार नाही आणि कुणाच्या डब्यावर डोळे रोखले जाणार नाहीत. आणि दोघा-दोघांनी मिळून करायची कामं वाढवली. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. काटरिन हामान आणि टोमासेलो यांच्या गटानं २०११ साली दाखवलं, की तीन वर्षांच्या दोन मुलांनी मिळून दोरी ओढून फळी पुढे आणली आणि गोट्या मिळवल्या, तर एकाला जास्त आलेल्या गोट्या ती आपणहून सारख्या करून घेतात. तशाच गोट्या आयत्या मिळाल्या तर इतकं करत नाहीत. मिळून कमावलेलं आपोआप ‘आपलं’ होतं.

सप्टेंबरात ओल्या भुईमुगाच्या शेंगा आल्या. मीठ घालून मऊ उकडल्या, गार केल्या, आणि दोघांत एक वाटी अशा सोलायला दिल्या. रुद्रच्या जोडीला आर्वी आली. मी जोडी लावली नव्हती, पण मोडलीही नाही. उकडलेली शेंग टोकाशी दाबली की फट् करून पाणी उडतं, त्याचं हसू सुरू झालं. आर्वीच्या नखांना जमेना, तर ती शेंगा रुद्रकडे सरकवायची, तो फोडायचा, ती दाणे काढायची. वाटी भरल्यावर वाटायची वेळ आली. रुद्रनं वाटी जवळ ओढली. मी लांबूनच बघत होते आणि मनातून नको नको म्हणत होते.

“तुला एक, मला एक. तुला एक, मला एक.” कागदावर दोन ढीग वाढत गेले. शेवटी एक दाणा उरला. रुद्र त्याच्याकडे बघत बसला. आर्वी म्हणाली, “चिमणीच्या दातानं?” आणि फ्रॉकची कड पुढे केली. रुद्र म्हणाला, “थांब.” त्यानं दाणा बोटांत धरून दाबला, साल निघालं, दाण्याच्या दोन डाळी झाल्या. एका डाळीला कोंबाचं टोक राहिलं होतं. ती डाळ त्यानं आर्वीच्या ढिगावर ठेवली.

पुढे

हे लिहून थांबले असते तर प्रकरण सुटसुटीत झालं असतं. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या डब्याचं झाकण पुन्हा उभं होतं. ऑक्टोबरभर तसंच. दिवाळीच्या सुट्टीनंतर फराळाचा डबा आणला, त्यातली एक चकली त्यानं दिली, तीही आर्वीला नाही, मुलांत न मिसळणाऱ्या एका मुलाला. मी काही बोलले नाही, वहीत लिहिलं. कुणी म्हणेल, पाच महिन्यांत मिळवलं काय? एक डाळ आणि एक चकली. मी तो हिशोब करत नाही. कॅनडा, भारत, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि अमेरिका अशा सात देशांतल्या मुलांच्या ८६६ जोड्यांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली आला. आपल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळालेलं मुलांना सगळीकडेच खटकलं. आपल्याला जास्त मिळतंय म्हणून नको म्हणणारी, वयानं वाढलेली मुलं मात्र फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडात आढळली. तेव्हा कितव्या वर्षी मुलानं काय द्यायला हवं याचं एकच कोष्टक जगात कुठे नाही, आणि आमच्या व्हरांड्यातही नको.

मला बघायचं होतं ते इतर मुलांकडे. नोव्हेंबरात खडूच्या डब्याशी रुद्र बसला होता आणि एक मुलगा सरळ त्याच्याकडे गेला. शेजारच्यानं आठवण करून दिली, “अरे, तो चिक्कू आहे.” आर्वीनं मान वर न करताच उत्तर दिलं, “आधी होता. आता मोठा झालाय.” रुद्रचा वाढदिवस मार्चमध्ये असतो.

डिसेंबरात पुन्हा दोन खुर्च्या आणि ओढणी निघाली. या वेळी रुद्र आपणहून म्हणाला, “मी चिऊ.” काऊनं दार वाजवलं. “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.” पुन्हा वाजवलं. “थांब, माझ्या बाळाला टोपडं घालू दे.” मांडीवर त्यानं डस्टर घेतलं होतं आणि ते तो थोपटत होता, अगदी बरोबर तालात, घरी रोज बघितल्यासारखं. तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा ओढणीची कड जराशी उचलली गेली. “ये आत,” तो कुजबुजला, “पण आवाज नको करू. आत्ताच झोपलंय.”

दुसऱ्या दिवशी डब्यात लाडू होते. झाकण उभं. आर्वी तिचा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि झाकणावरून डोकावली.

“मला देशील?”

“आज नाही.”

“बरं. उद्या,” ती म्हणाली आणि आपली पोळी खायला लागली.